रयतेच्या भाषेत शाळा देणारा मराठी राजा

सीमाभागातील मराठी शाळांचा विषय निघाला की आपले बोट सरकारकडे जाते. ते जायलाच हवे. पण राज्यकर्त्याची भाषा एक आणि रयतेची दुसरी असेल, तर शाळेच्या बाबतीत राज्यकर्त्याने कसे वागावे, याचा धडा एका मराठी राजानेच घालून दिला आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे हे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे मांडत आहोत, ते त्यासाठीच.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. वडील काशीराव गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, घरी शेती. मुलाचे नाव गोपाळ. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले. तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी गोपाळला दत्तक घेतले. त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे होते आणि अक्षराशी त्याची फारशी ओळखही झालेली नव्हती. पुढे इलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली तो मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकला. खेड्यातले पोर शाळेवाचून कसे मागे राहते, हे या राजाला पुस्तकातून कळले नव्हते.

डिसेंबर १८८१ मध्ये राज्याची सूत्रे हाती आल्यावर त्यांनी थोड्याच काळात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. इतरांच्या शाळेत या मुलांना कोणी बसू देत नव्हते, म्हणून शाळा वेगळ्या काढाव्या लागल्या. तिथे शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना बोलावून या शाळांची देखरेख त्यांच्याकडे सोपवली. सोनगढ भागातल्या आदिवासी मुलांसाठी राहण्या-जेवणाच्या सोयीसह शाळा निघाल्या.

त्यानंतरचे पाऊल अधिक धाडसाचे होते. १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत त्यांनी सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. अनुभव पाहून १९०६ साली तो कायदा साऱ्या राज्याला लागू केला. मुलगे आणि मुली दोघांनाही सक्ती होती. मुलीचे वय मात्र मुलापेक्षा लवकर सुटे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली इंग्रजांच्या मुलखासाठी असेच विधेयक आणले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यापुढे होता. सरकारने ते मंजूर होऊ दिले नाही. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली हेच काम हाती घेतले.

आता भाषेचा मुद्दा. सयाजीराव मराठी, दरबारातले अनेक सरदार आणि कारकून मराठी. पण रयत बहुतेक गुजराती. मराठीची सक्ती करणे राजाला अवघड नव्हते. त्यांनी गावोगावच्या शाळा गुजरातीत चालवल्या आणि मराठी कुटुंबांसाठी मराठी शाळाही ठेवल्या. १८९० साली काढलेल्या कलाभवनात रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम यांसारखे विषय देशी भाषेत शिकवण्याचा प्रयत्न झाला. १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांचा कोश बडोद्याने छापला. मराठीवरचे त्यांचे प्रेम यामुळे कमी झाले नाही. १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

मुलगा शाळा सोडल्यावर वाचन विसरू नये, म्हणून १९१० नंतर त्यांनी अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांच्या मदतीने ग्रंथालयांचे जाळे उभारले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. हुशार गरीब विद्यार्थ्यांना त्यांनी परदेशी पाठवले. आपल्या जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डला गेले, त्यात बडोद्याची मदत होती. १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर.

पण इथेच या चरित्रातला कडू भाग येतो. १९१७ साली आंबेडकर करारानुसार बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. तिथूनही जमावाने हुसकावले. कचेरीतले शिपाई त्यांच्या हाती कागद देईनात, लांबून टाकत. आंबेडकर बडोदे सोडून गेले. शाळांच्या कायद्यातही उणिवा होत्या. दंडाचा भार गरीब आईबापांवर पडे आणि शिकलेले शिक्षक पुरत नव्हते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीराव वारले, तेव्हाही राज्यातले बहुसंख्य लोक निरक्षरच होते. राजाचा हुकूम शाळेच्या दारापर्यंत पोचला होता, पण माणसांच्या मनात तो अजून उतरायचा होता.

आम्हाला या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली सरकारला सांगायची. लेकराला त्याच्या घरच्या भाषेत शाळा देणे ही मेहेरबानी नव्हे. मराठी राजाने गुजराती रयतेला ती दिली. आपण मागतो ते याहून वेगळे नाही. राज्याची भाषा आपली मुले शिकतीलच, सयाजीरावही गुजराती शिकले होते.

दुसरी गोष्ट आपल्याच गावाला सांगायची. मराठी शाळा वाचवा म्हणताना त्या शाळेत कोण बसते, हेही पाहू या. वस्तीवरचे पोर, ऊसतोडीला जाणाऱ्याचे पोर पटावर आहे का? मोठी झाली म्हणून घरी बसवलेली मुलगी आपल्या गल्लीत तर नाही ना? नसतील ती मुले शोधून आणली, तर शाळेचा पट वाढेल आणि आपल्या मागणीलाही बळ येईल. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी प्रत्येक गावाने एवढे तरी करावे.