अल-बिरूनी आणि शतरंजच्या चौसष्ट घरांचा हिशेब

अल-बिरूनी म्हटलं की आपल्याला 'किताबुल हिंद' आठवते. पण हिंदुस्थानशी थेट संबंध येण्याच्या सतराएक वर्षं आधीच त्यांनी इथून गेलेल्या शतरंजचा एक हिशेब करून ठेवला होता.

अबू रैहान अल-बिरूनी यांचा जन्म हिजरी ३६२, म्हणजे इ.स. ९७३ मध्ये ख्वारज्ममधल्या काथ इथं झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. त्यांचे उस्ताद अबू नस्र मन्सूर हे तिथल्या राजघराण्यातले आणि स्वतः मोठे गणिती. ९९५ मध्ये ते राज्य बुडालं आणि बावीस वर्षांच्या बिरूनींना वतन सोडावं लागलं. बरंच भटकल्यावर गुरगानच्या अमीर काबूस यांच्याकडे आसरा मिळाला. तिथंच, सन १००० च्या सुमारास, त्यांनी 'आसारुल बाकिया' हा ग्रंथ लिहिला. विषय निरनिराळ्या कौमांच्या कालगणनेचा, पण मध्येच हे गणित येतं.

गणित सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या घरात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, अशी चौसष्ट घरं दुप्पट करत भरायची. एकूण किती? एकेक घर मांडत गेलो तर त्रेसष्ट वेळा दुप्पट आणि वर लांबलचक बेरीज. एक आकडा चुकला की सगळंच गेलं!

बिरूनींनी दोन नियम पकडले. कोणत्याही घरापर्यंतची बेरीज पुढच्या घरापेक्षा नेमकी एकनं कमी असते (१, २, ४ मिळून ७, पुढचं घर ८). आणि एखाद्या घरातल्या संख्येचा वर्ग केला, की पहिल्या घरापासून तिथवर जेवढं अंतर, तेवढंच पुढं जाता येतं. पाचव्या घरात १६ आहेत. वर्ग केला, नववं घर, २५६. पुन्हा वर्ग, सतरावं घर, ६५,५३६. मग तेहेतिसावं, ४,२९,४९,६७,२९६. आणखी एक वर्ग केला की पासष्टावं, जे पटावर नाहीच! त्यातून एक वजा केला की उत्तर: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. फक्त चार वर्ग. शेवटचा वर्ग कागदावर करायला मात्र आम्हालाही बराच वेळ लागतो.

हा आकडा ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या सगळ्यांनी निःशेष भागला जातो. नववी-दहावीच्या मुलांनी (अ−१)(अ+१) हे सूत्र घेऊन कारण शोधून बघावं.

एवढी मोठी संख्या डोळ्यांपुढे कशी आणायची? बिरूनींनी त्याचे दिरहम कल्पिले. दहा हजारांची एक थैली, आठ थैल्या एका खेचरावर, दहा हजार खेचरांचा एक तांडा, एकेका ओढ्याकाठी हजार तांडे, एकेका डोंगरातून दहा हजार ओढे. तरी असे २,३०५ डोंगर लागतात! इतके डोंगर जमिनीवर मावायचे नाहीत, हेही ते सांगतात.

१०१७ मध्ये महमूद गझनवीनं ख्वारज्म जिंकलं आणि बिरूनींना गझनीला नेलं. वय चव्वेचाळीस, मर्जी कुणी विचारली नाही. तिथून पुढं ते संस्कृत शिकले, पंडितांजवळ बसले. आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. १०३० च्या सुमारास 'किताबुल हिंद' पूर्ण झाली. तिच्यात हिंदुस्थानी लोकांच्या अठरा स्थानांची नोंद आहे, एकं-दहंपासून थेट परार्धापर्यंत. त्यांचा तरुणपणीचा शतरंजचा आकडा वीस स्थानांचा, परार्धाच्याही दोन स्थानं पुढचा.

सत्तरी उलटल्यावर ते औषधींवरचा 'किताबुस सैदना' लिहीत होते. तो पुरा व्हायच्या आत, १०५० च्या सुमारास, गझनीतच त्यांचा इंतकाल झाला.