लिन्सखोटेन : गोवा कागदावर नेणारा कारकून

मांडवीत नांगरलेली जहाजे, काठावरची गोदी आणि चर्चच्या मनोऱ्यांमधून वळत जाणारे रस्ते : जुन्या गोव्याचे हे चित्र इतिहासग्रंथांतून वारंवार भेटते. ज्याच्या रेखाटनांवरून ते सिद्ध झाले, तो यान हुइगेन व्हान लिन्सखोटेन १५६३ मध्ये हॉलंडातील हार्लेम येथे जन्मला आणि एन्क्हाउझेन या बंदरात वाढला. किशोरवयातच तो भावांपाठोपाठ स्पेनला गेला, तेथून लिस्बनला. सप्टेंबर १५८३ मध्ये आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका यांचा कारकून म्हणून तो गोव्यात उतरला.

त्याच्या नजरेचे मोल कळण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. शहरांची छापील चित्रे तेव्हा लाकडी ठशांवरून निघत. १४९३ च्या न्युरेंबर्ग येथील विश्ववृत्तांतात सुमारे ६४५ ठशांतून १८०९ चित्रे छापली गेली. एकच ठसा निरनिराळ्या शहरांच्या नावांखाली पुन्हा पुन्हा वापरलेला. वाचकाला तटबंदी आणि मनोरे दिसले की पुरे! त्यापूर्वी १४८६ मध्ये एर्हार्ड रॉयविख याने मात्र व्हेनिस प्रत्यक्ष पाहून रेखाटले होते. लिन्सखोटेन या दुसऱ्या परंपरेतला. सुमारे पाच वर्षांच्या मुक्कामात त्याने रुआ दिरैतावरील लिलावाचा बाजार, पालख्या, शेतकऱ्यांचे पोशाख, आंबा-फणस, मिरीचा व्यापार, सारे टिपले. पोर्तुगीजांनी जिवापाड जपलेली सागरी मार्गांची माहितीही त्याने जमवली. आश्रयदात्याच्या मिठाला हा माणूस जागला नाही, असे म्हणणे भाग आहे. पण सोळाव्या शतकातले गोवा आज आपल्याला इतके स्पष्ट दिसते, ते बरेचसे त्याच्यामुळेच.

१५८७ मध्ये स्वदेशी निघालेले आर्चबिशप समुद्रातच वारले. ती वार्ता आल्यावर लिन्सखोटेनने परतीची वाट धरली. वाटेत अझोर्स बेटांवर दोन वर्षे अडकून १५९२ मध्ये तो घरी पोहोचला. त्याने लिहिलेले सागरी मार्गांचे वर्णन १५९५ च्या पहिल्या डच ताफ्याला उपयोगी पडले. १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅममधून त्याचा मोठा ग्रंथ, ‘इटिनरारिओ’, निघाला. त्यातील गोव्याचे चित्र लाकडावर नव्हे, तर तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. म्हणूनच त्यात एवढे बारकावे मावले. दोनच वर्षांत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापले गेले. पोर्तुगीजांचे गुपित फुटले. १६३० च्या दशकात डच जहाजांनी गोव्याची नाकेबंदी केली.

ते पाहायला लिन्सखोटेन नव्हता. उत्तर ध्रुवाकडून पूर्वेचा मार्ग शोधण्याच्या दोन फसलेल्या मोहिमांतून परतल्यावर तो एन्क्हाउझेन येथेच राहिला आणि १६११ मध्ये तेथेच निवर्तला. गोव्याला तो पुन्हा कधी आला नाही.