विरोधी बाकावरचे बाबासाहेब : राज्यसभेतील साडेचार वर्षे

बाबासाहेबांच्या संसदीय कार्याविषयी आपण बोलतो, तेव्हा बहुतेक वेळा संविधान सभेपाशी थांबतो. फार तर हिंदू कोड बिल आणि सप्टेंबर १९५१ मधला कायदामंत्रिपदाचा राजीनामा इथपर्यंत येतो. तिथून थेट १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा. मधल्या काळात, एप्रिल १९५२ पासून ६ डिसेंबर १९५६ च्या महापरिनिर्वाणापर्यंत, ते राज्यसभेचे सदस्य होते, ही बाब आपल्या जयंतीच्या व्याख्यानांत क्वचितच येते. संभाजीनगर आणि आसपासच्या वस्त्यांत काम करताना जे प्रश्न आम्हाला रोज भेटतात, त्यांतले बरेच त्यांनी याच काळात सभागृहात मांडले होते. म्हणून त्या वर्षांबद्दल लिहावेसे वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात आले, तेव्हापासून कायदा घडवण्याचे काम त्यांनी सोडले नाही. १९२८ मध्ये महार वतनात सुधारणा करणारे विधेयक, १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे खोती नष्ट करणारे विधेयक, १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री, मग स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री असा हा प्रवास आहे. तरीही १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत नारायण काजरोळकर यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच झाले. मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून आलेले बाबासाहेब आता सत्तेत नव्हते, त्यांच्यामागे मोठा पक्ष नव्हता आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. हाती होता फक्त अभ्यास.

सप्टेंबर १९५३ मध्ये आंध्र राज्याचे विधेयक आले. भाषावार राज्य झाले की तिथल्या संख्येने मोठ्या जातीच्या हाती सगळी सत्ता जाते, मग लहान जातींचे काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. दुर्बल समूहांच्या रक्षणासाठी राज्यपालांवर खास जबाबदारी टाकावी, ही त्यांची सूचना होती. याच चर्चेत संविधानाबद्दलचे त्यांचे संतप्त उद्गार आले. ते उद्गार मागचे-पुढचे तोडून आजही समाजमाध्यमांवर फिरवले जातात. मार्च १९५५ मध्ये त्यांनी सभागृहातच खुलासा केला होता. त्यांचा रोष संविधानावर नव्हता, ते ताब्यात घेऊन चुकीच्या हेतूने वापरणाऱ्यांवर होता, हा त्याचा आशय. आपल्या तरुणांना ही पूर्ण चर्चा माहीत असेल, तर अर्ध्या वाक्याने कोणी त्यांची दिशाभूल करू शकणार नाही.

दुसरा प्रसंग सप्टेंबर १९५४ चा. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारे विधेयक राज्यसभेत होते. बाबासाहेबांनी आधी त्याच्या नावावरच बोट ठेवले. हा कायदा माणसाच्या नागरी हक्कांच्या रक्षणासाठी आहे, तर नावातही तेच असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याहून मोठी उणीव त्यांनी दाखवली ती सामाजिक बहिष्काराची. दलित माणूस आपला हक्क बजावायला निघाला की गाव त्याचे काम, किराणा, दळण आणि बोलणे बंद करते. हे हत्यार कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले, तर हक्क कागदावरच राहतील, हे त्यांना दिसत होते.

पुढे काय झाले? १ जून १९५५ पासून तो कायदा अस्पृश्यता या शब्दासहच अमलात आला. नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा व्हायला १९७६ साल उजाडले. अॅट्रॉसिटी कायद्यात बहिष्काराचा स्पष्ट उल्लेख २०१५ च्या दुरुस्तीने आला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा तर २०१७ मध्ये लागू झाला. १९५४ च्या त्या सूचनेनंतर साठ वर्षे लोटली होती, आणि त्या साठ वर्षांची किंमत गावागावांतल्या आपल्या कुटुंबांनी मोजली.

तिसरा प्रश्न जमिनीचा. त्याच महिन्यात अनुसूचित जाती-जमाती आयुक्तांच्या अहवालावर चर्चा झाली. शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या हव्यातच, पण खेड्यातला माणूस दुसऱ्याच्या शेतावर अवलंबून आहे तोवर मान वर करू शकत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. त्यांना जमीन द्या, त्यासाठी पैसा नसेल तर मिठावरचा कर पुन्हा लावून गांधीजींच्या नावाने निधी उभारा, अशी सूचना त्यांनी केली. पैसा कुठून आणायचा हे सांगितल्याशिवाय मागणी करायची नाही, ही त्यांची पद्धत यात दिसते.

ही मागणी मराठवाड्याला परकी नव्हती. पडीक जमिनीसाठी इथले भूमिहीन लढत होतेच. पुढे १९५९ आणि १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णयही निघाला. तरी दोन-दोन पिढ्या गायरान कसूनही सातबाऱ्यावर नाव न लागलेली कुटुंबे आम्हाला आजही भेटतात.

याच वर्षांत बाबासाहेब आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे करत होते. जून १९५० मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात त्यांनी मराठवाड्याच्या मागासलेपणाची दखल घेऊन त्याच्यासाठी वेगळ्या राज्याची कल्पनाही मांडली. दिल्लीच्या सभागृहात बोलताना इथली खेडी त्यांच्या नजरेसमोर होती, असे म्हणायला त्यामुळे आधार मिळतो.

त्यांची ही भाषणे महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या समग्र वाङ्मयाच्या पंधराव्या खंडात आहेत. आपल्या अनेक विहारांत तो खंड कपाटात असतो. येत्या वर्षावासात ग्रंथवाचनासोबत महिन्यातून एक संध्याकाळ या भाषणांसाठी ठेवावी, असे आम्ही सुचवतो. बहिष्काराची तक्रार लिहिताना किंवा गायरानाचा अर्ज भरताना आपल्या कार्यकर्त्यांना त्याचा उपयोग होईल.

जय भीम!