जिल्ह्याच्या हाती तिजोरी देणारे वसंतराव

मारेगाव : तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावर शाळाखोली बांधावयाची असली, की तिचा प्रस्ताव ग्रामपंचायतीतून पंचायत समितीत आणि तेथून यवतमाळला जिल्हा परिषदेत जातो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, मोजमाप, देयक ही साखळी ग्रामीण महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली आहे. हा कारभार ज्या अहवालामुळे जिल्हा परिषदेकडे आला, तो याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पुसद तालुक्यातील गहुली तांड्यावर जन्मलेल्या वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांची जयंती १ जुलै रोजी कृषी दिन म्हणून साजरी होते. शेतीच्या या गौरवात जिल्ह्याच्या पैशाची घडी बसविणारे नाईक काहीसे झाकोळले गेले आहेत.

१ जुलै १९१३ रोजी बंजारा समाजातील फुलसिंग नाईक यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. नागपुरात पदवी आणि त्यानंतर कायद्याचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासमवेत वकिली आरंभिली व पुढे पुसद गाठले. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी झालेला त्यांचा आंतरजातीय विवाह त्या काळी बराच गाजला.

१९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांच्या मागण्या मोठ्या आणि गंगाजळी तुटपुंजी, हे लहान नगरपालिकांचे जुनेच दुखणे. १९५२ मध्ये आमदारकी व मध्य प्रदेशात उपमंत्रिपद, द्वैभाषिकात सहकार व कृषी, आणि १९६० मध्ये महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर महसूल खाते, असा पुढचा प्रवास वेगाने झाला. स्थानिक कारभाराची खालची पायरी मात्र त्यांनी स्वतः अनुभवलेली होती.

जून १९६० मध्ये लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नव्या राज्यात तेव्हा एकवाक्यता नव्हती. विदर्भात जनपद सभा, पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्ड, असा तीन प्रदेशांचा वेगवेगळा वारसा होता. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तालुका पातळीवरील पंचायत समितीस मुख्य मानले होते. मार्च १९६१ मध्ये सादर झालेल्या नाईक समितीच्या अहवालाने ही दिशा बदलून जिल्हा परिषदेला बळ दिले. कारण व्यवहारी होते. रस्ता, तलाव, इमारत यांची आखणी करणारा अभियंता आणि त्याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा प्रत्येक गटात स्वतंत्र पोसणे परवडणारे नव्हते. जिल्हा हाच त्यासाठी योग्य घटक ठरला. काम ठरविणारे लोकप्रतिनिधी, ते करणारे अभियंते आणि पैसा सांभाळणारे लेखाधिकारी एकाच छपराखाली आणणे, हे या अहवालाचे सार मानावे लागेल.

आणखी एक धाडस समितीने केले. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेच्या सभागृहाबाहेर ठेवले. जिल्हाधिकाऱ्यांनाही दूर ठेवून भारतीय प्रशासन सेवेच्या दर्जाचा स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्याचे सुचविले. महसूलमंत्र्यानेच आपल्या खात्याच्या जिल्हाप्रमुखाकडून विकासाची कामे काढून घ्यावीत, ही गोष्ट साधी नव्हती. त्यावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम तयार झाला व १ मे १९६२ रोजी नवी रचना अमलात आली.

पैशाची बाजू मात्र तेवढी भक्कम नव्हती. जमीन महसुलावरील उपकर हा जिल्हा परिषदेचा स्वतःचा मार्ग. उपकर वाढविल्यास शासनाकडून सापेक्ष अनुदान मिळण्याची सोयही होती. स्वतः भार उचलणाऱ्यास हात देण्याची ही कल्पना चांगलीच म्हणावयास हवी. परंतु कोरडवाहू तालुक्यांत महसूलच अल्प, तेथे उपकर किती येणार? मोठा हिस्सा राहिला तो सहेतुक व आस्थापना अनुदानांचा. ज्या कामासाठी रक्कम आली, त्यावरच ती खर्च करण्याचे बंधन राहिले. तिजोरी जिल्ह्यात आली, पण तिच्यात काय पडावयाचे, हे मुंबईतच ठरत राहिले.

५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले व फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. १९७० मध्ये त्यांच्याच शासनाने बोंगिरवार समिती नेमून जिल्हा परिषदांची तपासणी करविली. आपल्याच उभारणीचे मूल्यमापन करून घेणारे राज्यकर्ते विरळाच. तथापि, १९७२ च्या दुष्काळानंतर विस्तारलेल्या रोजगार हमीच्या कामांची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली. सत्तरच्या दशकात मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली आणि कोणत्या कामावर किती रक्कम, याचा निर्णय जिल्हा परिषदेच्या सभागृहाबाहेर होऊ लागला. आमदारांना ज्या दारातून बाहेर ठेवले होते, त्याच्या शेजारीच दुसरे दार उघडले गेले, आणि तेही नाईकांच्या कारकिर्दीत. हा दोष त्यांच्या पदरात घालावाच लागतो.

१९७७ मध्ये ते वाशीमहून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे सुधाकरराव गहुलीचे सरपंच, पुसद पंचायत समितीचे सभापती आणि यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष या पायऱ्या चढत १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. २०१७ मध्ये निवडून आलेल्या यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला.