विश्लेषण: चक्कर येताना डोळे आपोआप का हलतात? युद्धकैदेत ‘नोबेल’ मिळालेले रॉबर्ट बारानी कोण होते?

गरगर फिरून अचानक थांबले, की खोली फिरल्यासारखी वाटते. त्या वेळी डोळे एका बाजूला सावकाश सरकतात आणि झटक्यात मागे येतात. आपल्या इच्छेविना होणाऱ्या या हालचालीला ‘निस्टॅग्मस’ म्हणतात. तिच्यावरून कानातील बिघाड ओळखण्याची साधी चाचणी रॉबर्ट बारानी यांनी दिली.

शोध कसा लागला?
बारानींचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्नात झाला. लहानपणी हाडांच्या क्षयामुळे त्यांचा गुडघा कायमचा आखडला. १९०० मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे व्हिएन्ना विद्यापीठाच्या कानाच्या क्लिनिकमध्ये काम करू लागले. पिचकारीने कान धुताना रुग्णांना चक्कर येई, डोळे हलू लागत. पाणी पुरेसे गरम नसले की असे होते, अशी एका रुग्णाची तक्रार होती. एकदा पाणी जास्तच गरम झाले. चक्कर तेव्हाही आली, पण डोळे उलट दिशेने हलले. बारानींना इथेच धागा सापडला.

नेमके काय घडते?
प्रत्येक कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्या मेंदूला कळवतात आणि नजर स्थिर राहावी म्हणून मेंदू डोळे उलट दिशेला वळवतो. द्रव तापला की वर सरकतो, गार झाला की खाली. त्यामुळे डोके स्थिर असूनही ते फिरत असल्याचा संदेश जातो. एका कानाची यंत्रणा आजाराने बिघडली तरी असाच गोंधळ होतो. मात्र १९८३ मध्ये अवकाशातील वजनरहित अवस्थेतही चाचणीत डोळे हलले. म्हणजे द्रवाचे वर-खाली सरकणे हे एकमेव कारण नाही.

कैदेत ‘नोबेल’ कसे?
पहिल्या महायुद्धात गुडघा आखडलेला असूनही बारानी ऑस्ट्रियाच्या सैन्यात डॉक्टर म्हणून गेले. १९१५ मध्ये पशेमिश्लचा किल्ला पडला आणि ते रशियाचे कैदी झाले. मध्य आशियातील मर्व्हच्या छावणीत असतानाच त्यांना १९१४ चे नोबेल जाहीर झाले. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये सुटका झाली.

मायदेशी मात्र स्वागताऐवजी वाद वाट्याला आला. इतरांच्या कामाचे श्रेय दिले नाही, असा आरोप व्हिएन्नातील सहकाऱ्यांनी केला. १९१७ मध्ये ते स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात गेले. ८ एप्रिल १९३६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

आज उपयोग काय?
चक्करचा त्रास असलेल्या रुग्णाच्या कानात आजही साधारण ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे पाणी सोडून डोळ्यांची हालचाल मोजतात. एका बाजूचा प्रतिसाद क्षीण असेल, तर दोष कोणत्या कानात आहे ते कळते.