टिळकांनी पाहिलेली वाट

आजचा पाठ: मलाखी 2:13-16, 1 करिंथ 7:10-16



तरुणपणी जिच्याशी लग्न केलं तिचा विश्वासघात करू नका, असं मलाखी बजावतो. आज सकाळी ते वाचताना मला रेव्ह. नारायण वामन टिळक आठवले. त्यांची भजनं आपण उपासनेत गातो, पण त्यांच्या आयुष्यातल्या एका काळाबद्दल आपण फारसं बोलत नाही.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. ते वाचत गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर आभाळ कोसळलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरात. आमच्या पळसदेवावरून भीमा वाहते ना, तिच्याच काठी, खाली.

टिळक तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. म्हणजे जवळपास माझ्याच वयाचे.

आता हे लक्षात घ्या. 1866 साली सरकारने एक कायदा केला होता. धर्मांतरामुळे पती किंवा पत्नी सहा महिने सोडून राहिली, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टात जाता येत होतं. कोर्ट विचार करायला एक वर्ष देई. तरीही नकारच आला तर लग्न मोडत असे, आणि दुसरं लग्न करायला दोघंही मोकळी. शिवाय विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर भाऊ बांधलेला नाही, हे पौलही सांगतो. टिळकांकडे कायदा होता, शास्त्राचं वचनही होतं.

त्यांनी ती वाट घेतली नाही. चार-पाच वर्षं ते पत्रं लिहीत राहिले, भेटायला जात राहिले. शेवटी लक्ष्मीबाई नगरला परत आल्या, त्याही आपल्या धर्मातच राहून. घरात त्यांचं सोवळंओवळं चालू होतं आणि टिळकांनी ते चालू दिलं. 1900 साली राहुरीला लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. टिळक काही आदर्श नवरा नव्हते. रागीट होते, न सांगता घरातून निघून जायचे, हातातला पैसा वाटून टाकायचे. पण 1919 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं, आणि ते पुरं करायला लक्ष्मीबाई बसल्या.

आता माझं सांगतो. मी आठवडाभर पुण्यात कंपनीजवळ खोली घेऊन राहतो आणि शुक्रवारी रात्री एसटीने घरी येतो. मागच्या वर्षी टीममधल्या एका सहकारी बाईंशी रिलीजच्या कामावरून रात्री चॅट सुरू झालं. काम संपलं तरी चॅट संपेना. मी स्वतःला सांगत होतो, काही चुकीचं लिहीत नाहीये, घरी समजून घेणारं कोणी नाही, बायको तर फोनवर फक्त किराणा आणि फीचंच बोलते. एका रात्री बायकोचा फोन आला आणि मी तो कट केला. तेव्हा मला कळलं, मी कुठे पोचलोय.

पाप थेट पाप म्हणून येत नाही, आधी सबब बनून येतं. टिळकांजवळ खरी सबब होती आणि त्यांनी ती वापरली नाही. माझी सबब कसली? किराण्याची!

त्या शनिवारी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. बरोबरच होतं. आता कामाचं बोलणं सगळ्यांच्या ग्रुपवरच होतं, आणि रात्री नऊचा फोन घरचा. किराण्याबद्दलही मीच आधी विचारतो. मोह गेला असं मी म्हणणार नाही. उजनीचं पाणी उतरलं की जुन्या पळसदेवाचं देऊळ परत दिसायला लागतं, तसं मनाचंही आहे.

भावांनो, आज तुमची सबब कोणती आहे, ती एकदा मोठ्याने प्रभूसमोर बोलून बघा.

प्रार्थना: हे प्रभू, माझ्या सबबी तुला माहीत आहेत. त्या मला खऱ्या वाटू देऊ नकोस. जिचा हात तू माझ्या हातात दिलास, तिच्याशी मला आज दिवसभर खरं राहू दे. येशूच्या नावात, आमेन.