आनंदीबाईंचा अर्ज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लावणी आटपत आली होती. दुपारची जेवणं झाली आणि मी मागच्या पडवीत भांडी घासायला बसले, तर आमच्या वाडीतलीच एक मुलगी छत्री मिटत दारात उभी. मुंबईला सार्वजनिक आरोग्याचं शिकते. सुट्टीत घरी आली होती. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला.

"काकी, हय काय लिवचा ता माका सुचना नाय," ती म्हणाली.

परदेशातल्या इंटर्नशिपचा फॉर्म होता. तीन महिने तिकडे राहून आरोग्याच्या कामाचा अनुभव घ्यायचा. नाव, गाव, मार्क सगळं भरून झालं होतं. शेवटच्या चौकटीत विचारलं होतं, तुम्हाला हे का करायचं आहे? तिने कुठून तरी चार मोठमोठे इंग्रजी शब्द आणून परिच्छेद लिहिला होता. तो तिचा असू शकला असता, दिल्लीच्या मुलीचा असू शकला असता, कुणाचाही असू शकला असता! आणि आपल्याला काय काय येत नाही, याची यादी मात्र तिला तोंडपाठ होती. इंग्रजी अडखळतं, मार्क बेताचे, ओळख कुणाची नाही. वर घरून आईचा धोशा चालूच, चेडवाक इतक्या लांब कित्याक धाडूचा?

मैत्रिणींनो, सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय हे आपल्या सिंधुदुर्गातल्या बायकांना निराळं सांगायला नको. लावणीच्या दिवसांत आशाताई घरोघर लेप्टोच्या गोळ्या घेऊन फिरतात. उंदराचं मूत शेतातल्या पाण्यात मिसळतं, पायाला जखम असली की त्यातून जंतू शिरतो. एक माणूस आजारी पडला की त्याला औषध द्यायचं, हे डॉक्टरचं काम. पण सगळ्या गावाने आजारीच पडू नये म्हणून आधी धडपडायचं, ते सार्वजनिक आरोग्य. ही मुलगी बारावीनंतर दोन पावसाळे माझ्यासोबत त्या गोळ्या वाटत हिंडलेली. फॉर्ममध्ये त्याचा एक शब्दही नव्हता!

मी हात पुसले आणि तिला म्हटलं, बस. तुला एका अर्जाची गोष्ट सांगते.

आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेच्या धड्यातून ठाऊक आहेत. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी कित्येकींनी वाचली असेल, २०१९ साली आलेला सिनेमाही पाहिला असेल. पण त्यांनी कॉलेजला केलेला अर्ज फार कुणी लक्षात ठेवत नाही. मला मात्र त्यांच्या सगळ्या आयुष्यात तो अर्जच मोठा वाटतो.

आनंदीबाई मूळच्या कल्याणच्या जोशी घराण्यातल्या. जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टातला नोकरदार, बिजवर, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकवायचं या एका वेडाने झपाटलेला. वेड चांगलं, पण रीत फार कठोर. मुलगी पुस्तक सोडून स्वयंपाकघरात रमलेली दिसली तर मार बसायचा. त्या काळी बायका अभ्यास केला म्हणून मार खायच्या, हिने अभ्यास केला नाही म्हणून खाल्ला! त्यांच्या शिक्षणाचं श्रेय गोपाळरावांना द्यायलाच हवं. पण ते देताना त्या लहान मुलीचं भेदरलेलं तोंडही विसरू नये, असं मला वाटतं.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, भुज, कलकत्ता. कोल्हापुरात असताना १८७८ साली त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र घातलं. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, काही सोय होईल का? सोय झाली नाही, कारण मिशनऱ्यांची अपेक्षा धर्म बदलण्याची होती. पण ते पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं.

याच सुमारास, चौदाव्या वर्षी, आनंदीबाईंना मुलगा झाला. दहा दिवसांत तो गेला. बाळंतिणीला आणि बाळाला वेळेवर नीट औषधपाणी मिळालं असतं तर? तो प्रश्न त्या मुलीच्या मनात कायमचा घर करून बसला. बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही लाजत. लाजेपायी जीव जायचा, पण दुखणं सांगितलं जायचं नाही. मग बायकांनीच डॉक्टर व्हायला हवं, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं.

आता नशीब कसं असतं पाहा. १८८० साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर यायची वाट बघताना त्यांनी तिथलं एक जुनं मासिक चाळलं आणि त्यात ते पत्र वाचलं. घरी जाऊन त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. पत्रांतून नातं जुळलं, इतकं की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. इकडे आनंदीबाईंची प्रकृती बरी नसायची. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा चालूच. मावशीने तिकडून औषधंही पाठवली.

अमेरिकेला जायचं ठरलं आणि गहजब झाला. नवऱ्याला सोडून एकटी बाई साता समुद्रापार जाणार! २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षंही पुरी न झालेल्या या मुलीने इंग्रजीत भाषण केलं. लोक जे जे प्रश्न विचारत होते, ते एकेक घेऊन उत्तर दिलं. इथेच का शिकत नाही? एकटी का जाते? जात वाळीत टाकेल त्याचं काय? इथे बायकांना मिळणारं वैद्यकीय शिक्षण अपुरं आहे, हे सांगितलं. हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हेही सांगितलं. आज आपली मुलगी पुण्याला होस्टेलवर ठेवायची म्हटलं तरी शेजारीपाजारी प्रश्न विचारतात. त्या मुलीने सगळ्या गावासमोर उभं राहून उत्तरं दिली.

पैशासाठी अंगावरचे दागिने मोडले, काही भल्या माणसांनी मदत केली. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट सुटली. जूनच्या सुरुवातीला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभी होती.

आणि आता तो अर्ज. २८ जून १८८३. रोझेलला मावशीच्या घरी बसून आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला लिहिलं. १८५० साली खास बायकांसाठी निघालेलं हे कॉलेज.

त्या अर्जात काय नव्हतं ते आधी सांगते. बढाई नव्हती. आपण काय काय शिकलो ते सरळ लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही, हेही सरळ लिहिलं. लपवलं नाही. मात्र त्या उणेपणाची लाज वाटून दोन पावलं मागेही सरल्या नाहीत. आपली परिस्थिती वेगळी आहे, तिचा विचार व्हावा, असं कॉलेजला विनवलं. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इतक्या लांब आलेली बाई काम अर्धवट सोडणार नाही, हे पटवून दिलं. आणि कशासाठी शिकायचं, ते सगळ्यात ठसठशीत मांडलं. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचं आहे, असा त्याचा मतलब.

बघा, अर्जदार एक, पण अर्ज कितीजणींचा!

कॉलेजच्या डीन रेचल बॉडली. त्यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही मिळाली. पुढची तीन वर्षं सोपी नव्हती. तिथली थंडी हाडं गोठवणारी. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. नऊवारीत पाय उघडे पडून गारठतात म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, तर तेही गोपाळरावांना खटकलं. मागाहून गोपाळराव स्वतःही तिकडे पोचले. अभ्यास, थंडी, एकटेपणा आणि त्यात पोखरत चाललेलं शरीर. तरी पदवीच्या प्रबंधाला विषय घेतला तो बाळंतपणाचाच. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी लिहिलं.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. त्याच वर्षी कलकत्त्याला कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या. पदवीनंतर आनंदीबाई बॉस्टनच्या बायकामुलांच्या हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायला गेल्या. म्हणजे आजच्या भाषेत इंटर्नशिपच की! पण तब्येतीने ती फार काळ होऊ दिली नाही.

तोवर कोल्हापूर संस्थानातून नेमणूक आली होती. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डची जबाबदारी. हे हॉस्पिटल कोणतं, ठाऊक आहे? आपल्याकडचे पेशंट घाट चढून कोल्हापूरच्या ज्या सीपीआरला नेतात ना, तेच. माझ्या सासूबाईंना घेऊन मी तिथे आठ दिवस राहिले होते. बायकांच्या वॉर्डच्या बाहेर बाकावर बसून रात्री काढल्या. या वॉर्डचं काम आनंदीबाई बघणार होत्या, हे तेव्हा मला माहीतच नव्हतं. नंतर वाचनात आलं आणि अंगावर काटा आला.

कारण त्या तिथे कधी पोचल्याच नाहीत. १८८६ च्या नोव्हेंबरात मायदेशी आल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांनी प्राण सोडला. वय बावीससुद्धा पुरं नव्हतं. ज्या बायकांसाठी अर्ज केला, त्यातल्या एकीचीही सेवा त्यांना कोल्हापुरात करता आली नाही. रक्षा कार्पेंटर मावशीकडे पाठवली, ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत आहे. कोल्हापुरात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी बायकांची सेवा केली. वाट मोकळी झाली, पण वाट काढणारी गेली.

गोष्ट संपली तेव्हा बाहेर पाऊस धो धो लागला होता. मुलगी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "काकी, मगे मी लेप्टोचा लिवतंय."

आम्ही दोघींनी मिळून चौकट नव्याने भरली. पायाला चिखल्या पडलेल्या बायका गोळी घ्यायला का टाळतात, ते लिहिलं. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून कित्येकजणी ती गोळी डब्यात ठेवून देतात. हे तिने स्वतः दारोदार फिरून पाहिलेलं. इंग्रजी साधं ठेवलं. अमुक एक कोर्स झालेला नाही, पण शिकायची तयारी आहे, हेही लिहिलं. शेवटी वाचून दाखवलं तेव्हा मला त्यात आमची वाडी दिसली.

फॉर्मच्या शेवटी प्रकृतीबद्दल एक ओळ होती. तिने चटकन ‘उत्तम’ लिहायला घेतलं. मी तिचा हात धरला. आनंदीबाईंनीही आपल्या अर्जात प्रकृती चांगली असल्याचं लिहिलं होतं गं! जायला मिळावं म्हणून बाई स्वतःचं दुखणं गिळते, ही आपली जुनीच सवय. तिला म्हटलं, आधी रक्त तपासून ये, मग लिही.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. हिमोग्लोबिन निघालं साडेआठ! गावाच्या आरोग्याचं शिकणारी मुलगी, आणि स्वतःच्या अंगात रक्त नाही. तिची आई मटकन खाली बसली. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, अळू, नाचणी, कुळीथ, बांगडे नेमाने पोटात जाऊ लागले. आणि गंमत म्हणजे, मुलीला लांब धाडू नको म्हणणारी तीच आई आता रोज विचारते, "गोळी घेतलंस मगो? जावचा आसा मा तुका?"

अर्ज गेला आहे. उत्तर यायचं आहे. येईल ते येवो. नाही आलं तर पुढच्या वर्षी पुन्हा करू.

तुमच्या घरातही एखादी मुलगी असा फॉर्म घेऊन बसली असेल. तिला एवढंच सांगा, काय येत नाही ते मोकळेपणाने लिही, कुणासाठी शिकायचंय ते ठासून लिही. आणि निघण्याआधी तिचं रक्त मात्र तपासून घ्या. वाट काढणारी पोरगी वाटेतच गळून पडू नये, हे बघणं आपलं, तिच्या आया-मावश्यांचं काम आहे.